पान्याच्या खिळ्यावरची ठेव

माझं जे काही बरं झालं ते माझ्या आत्यामुळे झालं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. मनात ते इतकी वर्षं आहे की लिहिताना नवीन वाटत नाही. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. त्या पदवीच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही, म्हणून इथे तरी तिच्यापासून सुरुवात करतो.

आत्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात होती. आतोबा अकाली गेले आणि त्यांच्या जागी तिला कामावर घेतलं. तिला टूल रूमच्या खिडकीत बसवलं. कामगार खिडकीशी यायचे, हवं ते हत्यार मागायचे आणि आपला पितळी बिल्ला तिच्या हातात ठेवायचे. ती हत्यार द्यायची आणि रिकाम्या झालेल्या खिळ्यावर तो बिल्ला अडकवायची. हत्यार परत आलं की बिल्ला परत. तिच्या पाठीमागची भिंत पाहिली की कुठलं हत्यार कुणाच्या हातात आहे ते कळायचं. शेजारी प्रेस शॉप होतं. दिवसभर ठाण ठाण चालायचं. त्यात तिचा डावा कान हळूहळू गेला. ती म्हणायची, गेला नाही, कामावर राहिला.

विठ्ठलवाडीच्या चाळीत तिची एक खोली होती. दाराच्या बाहेरच्या भिंतीवर तिने एक फळी ठोकली होती, फळीवर खिळे, आणि खिळ्यांना नट-बोल्ट फिरवायचे पाने. आतोबांनी हौसेने जमवलेले, काही तिने नंतर घेतलेले. अख्ख्या चाळीत कुणाचा नळ गळो, गॅलरीतली टाकी फुटो, सायकलचं चाक निघो, माणूस आत्याच्या दाराशी येणार. तिथेही नियम कारखान्याचाच. पाना न्यायचा तर त्याच्या खिळ्यावर आपलं काहीतरी टांगायचं. पण चाळीत बिल्ले कुठले? म्हणून तिने आपलं एक कलम जोडलं होतं. वस्तू अशी हवी की संध्याकाळपर्यंत तिची आठवण आली पाहिजे.

त्यामुळे त्या भिंतीवर काय काय लटकलेलं असायचं. बस डेपोतल्या एका वाहकाची शिट्टी. कुणाचं चष्म्याचं घर. लहान बाळाचं वाळं. एका म्हाताऱ्या बाबांची कवळी, जी आत्याने हसत हसत परत केली होती, कारण जेवणाआधी पाना परत आला नसता तर बाबा उपाशी राहिले असते. दुपारी वारा सुटला की उरलेले पाने एकमेकांना लागायचे. रिंग पान्यांचा आवाज बारीक, जोडव्यांसारखा. पाइप पान्याचा जाड, गावी म्हशीच्या गळ्यात असते त्या घाटीसारखा. मी खोलीत झोपलेलो असायचो आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, आपण गावीच आहोत, म्हशी ओढ्यावरून परत येताहेत.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे. घरी भातशेती. बारावीपर्यंत मी तालुक्याच्या शाळेत शिकलो आणि पुढे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आत्या गावी आली होती. तिने वडिलांना सांगितलं, दादा, उल्हासनगरला कॉलेज आहे, माझ्या खोलीत अजून एक माणूस झोपेल एवढी जागा आहे. बस, एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या आठवड्यात मी एक पत्र्याची पेटी घेऊन विठ्ठलवाडीला उतरलो.

पहिल्याच रविवारी पॅसेजमधला नळ मानेतून गळायला लागला. आत्या तांदूळ निवडत होती. मला काहीतरी उपयोगी पडायचं होतं. फुकट राहतोय ही भावना नवीन आणि टोचरी होती. मी फळीवरचा सगळ्यात मोठा पाना काढला, तो दातांचा पाइप पाना. नळाला लावणार एवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"मोठा पाना हातात घेतला की आपणच मोठे झालो असं वाटतं ना?"

मी थांबलो. तिने ताट खाली ठेवलं, उठली आणि माझा अंगठा त्या पान्याच्या दातांवर फिरवला. मग नळाच्या पितळी नटावर फिरवला. एक करकरीत, एक गुळगुळीत. तिने समजावलं ते असं. पाइप गोल असतो, त्याला धरायला कोपरा नाही, म्हणून त्याचा पाना चावतो. चावल्याशिवाय त्याला पकड येत नाही. नटाला मात्र देवाने सहा बाजू दिल्या आहेत. त्याला चावायचं कशाला? त्याच्या मापाचं सपाट तोंड लावायचं. माप माहीत असेल तर फिक्स पाना, जागा अडचणीची असेल आणि वरून घालता येत असेल तर रिंग पाना, आणि माप कळत नसेल तर स्क्रू पाना, ज्याचं तोंड बोटाने उघडतं-मिटतं. स्क्रू पान्याचं एक तोंड हलतं आणि एक घट्ट असतं. जोर पडायचा तो घट्ट तोंडावर पडला पाहिजे, हलत्यावर नाही. उलटा लावला तर तो सटकतो आणि नटाचे कोपरे जातात.

"आणि प्लास्टिकच्या नटाला?" मी विचारलं.

"हात. त्याने नाही झालं तर फडकं आणि हात. त्यानेही नाही झालं तर पट्ट्याचा पाना. त्याच्यापुढे जाऊ नको, फुटतं."

मग तिने मला फिक्स पाना दिला. मी मानेचा नट थोडा आवळला आणि नळ गप्प झाला. तिने मला अजून एक गोष्ट करायला लावली. मी त्या घरातलाच, पण मलाही नियम लागू होता. पान्याच्या खिळ्यावर माझं काहीतरी टांग, म्हणाली. मी गावच्या घराची किल्ली टांगली. आई सगळ्यांना एकेक देते, हरवू नये म्हणून काळ्या दोऱ्यात. नळ झाला, पाना परत गेला, किल्ली परत आली. पण थोडा वेळ का होईना, माझ्या गावची किल्ली त्या चाळीच्या भिंतीवर वाऱ्यात हलत होती, आणि मला तिथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

कॉलेजची ती वर्षं मला आता एका लांब दुपारसारखी आठवतात. पुस्तक मांडीवर, बाहेर पाने वाजताहेत, कुणीतरी येतंय, काहीतरी टांगतंय, काहीतरी नेतंय. पाण्याची वेळ झाली की भिंतीतल्या पाइपांतून आधी नुसता श्वास यायचा, मग खोकला, मग पाणी. आत्या हातातलं काम टाकून चांगला कान भिंतीला लावायची आणि सांगायची, वरच्यांचा वायसर गेलाय. वरच्यांना ते दोन दिवसांनी कळायचं.

आमच्या चाळीमागे बुद्धविहार होतं. तिथल्या टाकीचा लोखंडी पाइप एकदा जोडावर गळत होता. आत्याने दोन्ही पाइप पाने घेतले. एक स्वतः पाइपाला लावून धरला, दुसरा माझ्या हातात देऊन जोड फिरवायला सांगितला. जुना पाइप, भिंतीत किती गंजलाय कुणास ठाऊक. नुसता जोड पिळला असता तर पाइप आतून मोडला असता, म्हणून एका पान्याने धरायचं आणि दुसऱ्याने उलट बाजूला फिरवायचं. मी घाम येईपर्यंत पिळलं. जोड सुटला, सूत आणि सफेदा लावून परत बसला. विहारात जमलेल्या बायकांनी माझं कौतुक केलं, पोरगं हुशार आहे म्हणाल्या. आत्या मनगट चोळत हसत होती. तिचा पाना तसूभर हलला नव्हता, म्हणून ती काही करत होती असं कुणाला वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही. फार नंतर, ठाण्याला ऑफिसात खुर्चीवर बसलो असताना, एका दुपारी ते मनगट आठवलं.

पदवीचा निकाल लागला तेव्हा ती मला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेली. लोक पेन देतात, घड्याळ देतात. ती मला एका सिंधी शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेली आणि स्क्रू पाना दाखवा म्हणाली. शेठ तिला ओळखत होते. त्यांनी चकचकीत माल काढला. आत्या एकेक पाना उचलायची, तोंड थोडं उघडायची, चांगल्या कानाशी नेऊन हलवायची. खुळखुळला की बाजूला.

"अरे माई, पाना है, नारियल नहीं, जो कान से लगाके देखती हो."

"नारियल खराब निकला तो चटनी नहीं बनेगी, सेठ. पाना खराब निकला तो दात जाएगा."

शेठ हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, लड़के को इतना पढ़ाया, बाबू बनाया, अब पाना देती हो?

"बाबू के घर में नल नहीं होता क्या?"

शेवटी एक पाना अजिबात खुळखुळला नाही. दिसायला काळपट होता. तोच तिने घेतला. बाहेर आल्यावर माझ्या हातात देताना म्हणाली, हा एकटा सगळं करणार नाही, पण कुणी नसेल तेव्हा ह्याच्यावर भागेल.

नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. तिथल्या जुन्या गावापासून थोडं पुढे, खिडकीतून डोंगराची एक निळी रेघ दिसते. आणि मागच्या वर्षी बातमी आली की आत्याची चाळ पाडायची आहे, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या. नवी इमारत उभी राहायला किती वर्षं लागतील कुणी सांगत नव्हतं. मी आणि बायकोने ठरवूनच टाकलं, आत्या आमच्याकडे. आत्याने मात्र अंबरनाथला, तिच्या जुन्या कारखान्याच्या रस्त्यावर, एक खोली बघून ठेवली होती. एकटीसाठी. गुडघे दुखतात, एका कानाने ऐकू येत नाही, फोनवर पलीकडचं बोलणं कळत नाही. तरी एकटी. मला ते सहन होईना.

मी तिला चार दिवस राहायला आणलं. तिच्यासाठी न्हाणीघर नवं करून घेतलं होतं, सगळे पाइप भिंतीच्या आत, सगळे नळ चकचकीत, उभ्याने अंघोळ करता यावी म्हणून दांडा. मला वाटलं, हे पाहून ती विरघळेल. ती सोफ्याच्या कडेला बसली. पाणी प्यायला उठायच्या आधी बायकोकडे बघायची. बायको म्हणाली, आत्या, हे तुमचंच घर आहे. आत्या म्हणाली, हो गं पोरी, छान आहे.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाणी दिसलं. नळ खालून जिथे बसवलेला असतो तिथला नट ढिला झाला होता. आत्या भिंतीला हात टेकून उठायला लागली. मी म्हणालो, तू बस आत्या, माणूस बोलावलाय. सोसायटीचा प्लंबर आला, घाईत होता, सिंकखाली वाकून त्याने त्या पांढऱ्या चकचकीत नटाला दातांचा पाइप पाना लावला आणि ओढला. करकर असा आवाज आला. आत्याच्या मांडीवरची बोटं आपोआप मिटली. तो गेल्यावर तिने सिंकखाली हात घातला आणि नटावर उठलेल्या दातांवरून अंगठा फिरवला, पहिल्या रविवारी माझा फिरवला होता तसाच. थेंब अजून पडत होता, आधीपेक्षा सावकाश.

चौथ्या दिवशी मी आणि बायको तिला सोडायला निघालो तेव्हा दाराशी चप्पल घालताना ती म्हणाली,

"तुझ्या घरात सगळं माणूस बोलावून होतं. चांगलं आहे. माझी काळजी करू नको, मी अंबरनाथला बरी राहीन."

रागाचा लवलेश नव्हता. मी तिची पिशवी उचलली. परत येताना बायको म्हणाली, आपण त्यांना सगळं दिलं, हात ठेवायला जागा नाही दिली.

सिंकखाली मी एक वाटी ठेवली. प्लंबरला परत बोलावलं नाही. स्वतःच्या स्क्रू पान्याने करून पाहिलं, पण सिंकमागच्या चिंचोळ्या जागेत त्याचं तोंड शिरत नाही. तिथे लांब दांड्याचा, वळत्या तोंडाचा बेसिन पाना लागतो. तो आत्याच्या फळीवर, डावीकडून शेवटी असतो. कामावरून आल्यावर मी थोडा वेळ तिथे जमिनीवरच बसायचो. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग टप्प. त्या मधल्या शांततेत मला दूरवर पाने वाजल्यासारखे वाटायचे.

एका रविवारी दुपारी मी विठ्ठलवाडीला गेलो. चाळ निम्म्याहून जास्त रिकामी झाली होती. दारांना कुलपं, गॅलरीत तुळशीची एक सुकलेली कुंडी. आत्याच्या फळीसमोर आलो आणि उभाच राहिलो. सगळे पाने जागेवर होते. शिट्टी नाही, वाळं नाही, चष्म्याचं घर नाही. इतक्या वर्षांत ती भिंत मी अशी भरलेली कधी पाहिली नव्हती. न्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

दार उघडंच होतं. आत्या कुशीवर झोपली होती, चांगला कान उशीत, गेलेला कान वर. म्हणून माझी चाहूल तिला लागली नाही. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. खोलीत तेलाचा आणि तांदळाचा तोच वास होता. मी थोडा वेळ उंबऱ्यावर बसलो. वारा आला, पाने वाजले, आणि मी बारावी होऊन नुकताच आलेला मुलगा आहे की दाढीत पांढरे केस आलेला माणूस, हे त्या क्षणी मला नीट सांगता आलं नसतं.

मग उठलो. फळीवरून एक पाना काढला. रिकाम्या खिळ्यावर काय टांगायचं, याचा विचार मला करावा लागला नाही. तिला उठवलं नाही. दोन दिवसांनी घरून पत्र लिहिलं. बदलापूरहून विठ्ठलवाडीला पत्र टाकणारा माणूस पोस्टात त्या दिवशी मी एकटाच असेन. पण फोनवरचं तिला ऐकू येत नाही, आणि वाचायला तिला आवडतं. ते पत्र असं होतं.

"आत्या,

तुझ्या फळीवरचा मोठा पाइप पाना मी नेला आहे. उठल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याच्या खिळ्यावर काळ्या दोऱ्यात किल्ली आहे, ती आमच्या बदलापूरच्या घराची आहे. दोरा आईने दिलेलाच आहे.

सिंकखालच्या नटाला पाइप पाना लावायचा नसतो हे मला माहीत आहे. तूच शिकवलंस. तुला आता वाटत असेल की मी तो नट आणखी चावणार. खरं सांगायचं तर बेसिन पाना तुझ्याकडे आहे आणि मोठा माझ्याकडे, तेव्हा माझ्या हातून दुसरं काय होणार? बेसिन पाना येताना घेऊन ये. पट्ट्याचा आणि रिंग पाने पण घेऊन ये.

आमच्या दाराबाहेर मी फळी ठोकली आहे. खिळे मारताना वरच्या मजल्यावरच्या ताईंनी विचारलं, हे कशासाठी. मी नियम सांगितला. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी गॅसच्या शेगडीसाठी तुझा, म्हणजे तू मला दिलेला स्क्रू पाना नेला आणि मुलीच्या पैंजणांतलं एक टांगून गेल्या. संध्याकाळी मुलगी शोधत खाली आली. पाना परत आला, पैंजण परत गेलं. फळीवर अजून पुष्कळ खिळे रिकामे आहेत. कुठल्या खिळ्यावर काय, ते मला लावता येत नाही. माझ्या हाताने ते ओळीत लागत नाहीत.

विहारातल्या टाकीचं तुला आठवतं का? बायकांनी माझं कौतुक केलं होतं. मी फिरवत होतो ते सगळ्यांना दिसलं. तू धरलं होतंस.

अंबरनाथची खोली चांगली असेल. तुला तिथेच राहायचं असेल तर मी सामान उचलायला येईन, वाद घालणार नाही. पण नियम नियम आहे. पाना परत मिळेपर्यंत ठेव आपल्याकडे ठेवायची. पाना मी परत आणणार नाही, तेव्हा किल्ली तुझ्याकडेच राहील.

वाटी मी रोज सकाळी ओततो आणि परत ठेवतो. नटाला अजून हात लावलेला नाही.

तुझा भाचा"